पिल्लं खायला कुणाकडून शिकतात?

(विरार पूर्वेला पालक आणि तरुणांच्या रविवारच्या बैठकीत केलेलं भाषण, किरकोळ दुरुस्त्यांसह.)



पत्रकावर माझ्या नावापुढे विषय छापलाय 'शाळकरी मुलं आणि गुटखा'. मी डॉक्टर नाही, समुपदेशकही नाही. सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, दिवसातले तीन-साडेतीन तास विरार लोकलमध्ये काढतो आणि त्या वेळात प्राण्यांविषयी जे हाताला लागेल ते वाचतो. त्यामुळे आज मी बराच वेळ उंदरांबद्दल बोलणार आहे. थोडं बकऱ्यांबद्दल. कुणाला वाटेल हा विषय सोडून भरकटला, तर वीस मिनिटं धीर धरा.

मागच्या बैठकीत तोंडाच्या कॅन्सरची चित्रं दाखवली गेली. ती पाहताना मुलं अगदी गप्प झाली होती. काही जणांनी तोंड फिरवलं. बैठक सुटल्यावर त्यातलीच दोघं-तिघं कोपऱ्यावरच्या टपरीपाशी उभी होती. कुणाची नावं घेत नाही, त्यांना ठाऊक आहे. माझा प्रश्न त्यांना नाही, आपल्याला आहे. आजार डोळ्यांनी बघूनही माणूस का थांबत नाही? 'मुलांना अक्कल नाही' हे उत्तर मला पटत नाही, कारण हीच मुलं मोबाइलचा रिचार्ज कुठे दोन रुपयांनी स्वस्त मिळतो ते बरोबर लक्षात ठेवतात.

आता उंदीर. उंदीर जवळजवळ काहीही खाऊ शकतो, म्हणूनच तो आपल्या बिल्डिंगच्या कचराकुंडीत, किराणा दुकानात, वसई-पालघरच्या भातखाचरात, सगळीकडे आहे. पण त्याची एक मोठी अडचण आहे. उंदराला उलटी करता येत नाही. एकदा गिळलं की गिळलं. तेव्हा काहीही खाऊ शकणाऱ्या आणि चुकीचं खाल्लेलं बाहेर टाकू न शकणाऱ्या प्राण्याने नवीन पदार्थ समोर आल्यावर काय करावं? तो बिचकतो. जरासा कुरतडून बघतो, थांबतो, पोटात काही झालं तर पुन्हा त्या पदार्थाकडे जात नाही. शेतकऱ्यांना हे चांगलं ठाऊक आहे. झिंक फॉस्फाइडचं आमिष लावायचं असेल तर आधी दोन-तीन दिवस विष न घालता नुसतं तेल लावलेलं धान्य ठेवतात. उंदीर सरावला की मग विष. तरीही जे थोडंसं खाऊन वाचतात, ते त्या आमिषाला पुन्हा तोंड लावत नाहीत.

पण पिल्लाचं काय? दूध सुटल्यावर पहिल्यांदा बिळाबाहेर आलेल्या पिल्लाला प्रत्येकच गोष्ट नवी असते. त्याने सगळं स्वतः चाखून बघायचं ठरवलं तर ते फार दिवस जगणार नाही.

जर्मनीत फ्रिट्झ स्टाइनिगर नावाचा एक संशोधक उंदरांच्या बंदोबस्ताचं काम करायचा. 1950 साली त्याने लिहून ठेवलं की एकाच भागात तेच विषारी आमिष सतत वापरलं तर सुरुवातीला भरपूर उंदीर मरतात, नंतर मरेनासे होतात. वाचलेले मोठे उंदीर आमिष खात नाहीत हे समजण्यासारखं आहे. पण त्यांची पिल्लंही खात नव्हती, ज्यांनी ते कधी चाखलंच नव्हतं. त्याला वाटलं, मोठे उंदीर पिल्लांना 'हे खाऊ नका' असं शिकवतात.

कॅनडात हॅमिल्टन शहरातल्या मॅकमास्टर विद्यापीठात बेनेट गॅलेफ नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी या एका प्रश्नावर अनेक दशकं घालवली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी जंगली उंदरांची वसाहत पाळली आणि रोज दोन प्रकारचं खाणं ठेवलं. त्यातल्या एकात मळमळ आणणारं औषध होतं. मोठ्या उंदरांनी ते सोडलं. मग औषध काढून टाकलं, म्हणजे दोन्ही खाणी आता चांगली होती. पिल्लं जन्मली, बाहेर आली, आणि मोठे जे खात होते तेच खायला लागली. दुसऱ्याला त्यांनी तोंड लावलं नाही. गॅलेफ यांनी बारकाईने पाहिलं तेव्हा दिसलं की 'हे खाऊ नका' असं कुणी शिकवत नव्हतं. मोठे जिथे खात होते तिथे पिल्लं जात होती, त्यांच्याशेजारी बसून खात होती, बस्स. जे पिल्लांना ओळखीचं झालं ते त्यांचं अन्न. बाकी सगळं परकं, आणि परक्याला उंदीर बिचकतोच.

हा फरक नीट लक्षात घ्या. 'नको' हा धडा तिथे नव्हता. फक्त 'हे चालतं' हा धडा होता.

पुढे 1983 च्या सुमारास त्यांनी आणखी एक प्रयोग केला, तो मला फार आवडतो. दोन उंदीर. एकाला वेगळ्या खोलीत नेऊन कोकोचा वास असलेलं खाणं दिलं. मग त्याला परत आणून दुसऱ्यासोबत अर्धा तास ठेवलं. तिथे खाणं काहीच नाही, नुसती भेट. मग दुसऱ्यापुढे दोन वाट्या ठेवल्या, एकात कोको, एकात दालचिनी. त्याने कोको जास्त खाल्लं. पहिल्याला दालचिनी खिलवली असती तर दुसऱ्याने दालचिनी खाल्ली असती. तेही करून बघितलं, तसंच झालं. म्हणजे मित्र काय खातोय हे त्याने पाहिलंच नव्हतं. मग त्याला कळलं कसं?

श्वासावरून. उंदीर भेटले की तोंडाला तोंड लावून हुंगतात. उंदराच्या श्वासात कार्बन डायसल्फाइड नावाचा वायू अगदी थोड्या प्रमाणात असतो. तो वायू अधिक खाण्याचा वास, हे दोन एकत्र आले की दुसऱ्या उंदराच्या मेंदूत नोंद होते: हे कुणीतरी खाल्लंय आणि तो जिवंत आहे. गॅलेफ यांनी बेशुद्ध उंदराच्या तोंडाला खाणं फासून बघितलं, तरी परिणाम झाला. त्याच उंदराच्या पार्श्वभागाला फासलं तर झाला नाही. (मागची मुलं हसतायत, हसा. प्रयोगशाळेत हे गंभीरपणे करावं लागतं.) शेवटी उंदराऐवजी कापसाचा बोळा घेतला, त्यावर खाण्याची पूड आणि त्या वायूचे थेंब टाकले. बोळ्यानेही काम केलं.

संध्याकाळच्या विरार फास्टमध्ये दादरला चढून जो उभा राहिला असेल त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. समोरच्याने काय खाल्लंय हे त्याचं नाव कळायच्या आधी कळतं.

आता मी ज्यासाठी उंदीर काढले ते सांगतो. गॅलेफ यांना साहजिकच पुढचा प्रश्न पडला. मित्र आजारी असेल तर? त्यांनी पहिल्या उंदराला कोको खिलवलं आणि लगेच औषध टोचून चांगलंच आजारी पाडलं. तो तसाच मलूल अवस्थेत दुसऱ्याला भेटला. तुम्हाला काय वाटतं, दुसऱ्याने कोको टाळलं असेल?

त्याने कोकोच जास्त खाल्लं.

प्रयोग वेगवेगळ्या प्रकारे पुन्हा पुन्हा केले गेले. उंदीर स्वतः आजारी पडला तर तो आयुष्यभराचा धडा घेतो. पण मित्राच्या आजारातून तो काहीच शिकत नाही. मित्राच्या तोंडाचा वास एवढंच सांगतो की 'हे खाल्लं जातं'. आजाराची बातमी त्या वासाबरोबर जातच नाही. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर संदेशात त्यासाठी रकानाच नाही.

याचा फायदा विष बनवणाऱ्यांनी घेतला. झिंक फॉस्फाइडमध्ये अडचण ही होती की त्रास लगेच होतो, म्हणून वाचलेला उंदीर दोन अधिक दोन जोडतो. मग 1948 पासून रक्त न गोठू देणारी औषधं उंदरांसाठी आली. आधी वॉरफरिन, आज बाजारात मिळणाऱ्या वड्यांमध्ये ब्रोमॅडायोलोन. ही खाल्ली की त्या दिवशी काहीच होत नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. उंदीर मजेत येऊन पुन्हा खातो, घरी जाऊन इतरांच्या नाकाला नाक लावतो. त्रास सुरू होतो तो काही दिवसांनी, आणि तोवर आज जे होतंय ते त्या दिवशीच्या वडीमुळे आहे हे जोडायला काही मार्ग उरत नाही. परिणाम उशिरा होतो, तीच या औषधाची खरी ताकद आहे.

गुटख्याच्या पुडीचा परिणाम किती उशिरा होतो? गोड सुपारी आठव्या-नवव्या वर्षी, पुडी बाराव्या-तेराव्या. तोंड आतून पांढरट, ताठ होत जातं, तिखट लागेनासं सोडा, सहनच होत नाही. उभी तीन बोटं तोंडात जायला हवीत, ती दोनच जातात. हे यायला काही वर्षं जातात, आणि कॅन्सर त्याहून पुढे. आणि ज्यांना वाटतं सुपारी म्हणजे निरुपद्रवी, त्यांच्यासाठी: जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 2004 सालीच जाहीर केलंय की सुपारी स्वतःच कॅन्सरकारक आहे, तंबाखू नसली तरी. म्हणजे लहान मुलाला 'तंबाखू नाही ना, मग खा' म्हणणं बंद करायला हवं. लग्नात, वास्तूला, जेवणानंतर, कुठेही.

पुडीवर कॅन्सरचं चित्र असतं. 2016 च्या एप्रिलपासून तंबाखूच्या पाकिटाचा 85 टक्के भाग इशाऱ्याने भरलेला असावा असा नियम आहे. मी या नियमाच्या विरोधात अजिबात नाही. तो राहिला पाहिजे, मोठ्यांवर त्याचा काही उपयोग होतो. पण तेरा वर्षांच्या मुलाच्या बाजूने बघा. चित्रातला माणूस अनोळखी आहे. पुडी फाडून हातावर देणारा त्याच्या बेंचवरचा आहे, कालच क्रिकेटमध्ये त्याने हाफ सेंच्युरी मारलीय आणि तो ठणठणीत आहे. कोणाचं ऐकलं जाणार?

मला इथे अडवून कुणी म्हणेल, अहो, आमची मुलं उंदीर नाहीत. नाहीतच. माणसाला भाषा आहे, तो उद्याचा विचार करू शकतो. आणि माणसाच्या व्यसनाला अशी कारणं असतात जी उंदराला नसतात. वालीव-गोखिवऱ्याच्या गाळ्यांत दिवसभर उभं राहून काम करणारी पोरं भूक मारायला पुडी खातात, ते मित्रप्रेमाने नव्हे. तिथे आधी जेवणाच्या सुट्टीबद्दल बोललं पाहिजे. मी फक्त एवढंच म्हणतोय की खाण्याच्या बाबतीत आपल्या आत एक फार जुनं यंत्र आहे, ते वास आणि सोबत बघतं, आणि आपण भाषणं त्या यंत्राला देत नाही, दुसऱ्यालाच देतो.

बरं, बकऱ्या. बकरी ईदच्या आधी ज्यांनी देवनारच्या बाजारातून राजस्थानी बकरा आणलाय त्यांना हा अनुभव असेल. बकरा घरी येतो, आपण कौतुकाने पाला, चणे, मका ठेवतो आणि तो तोंड लावत नाही. दोन दिवस उपाशी. मग कुणीतरी जाणता सांगतो, शेजारच्या बकऱ्याजवळ बांध. तो खातो ते बघून हाही खायला लागतो. अमेरिकेत युटा राज्यात फ्रेड प्रोव्हेंझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंढ्या-बकऱ्यांवर याचाच पद्धतशीर अभ्यास केला. कोकराला सहाव्या आठवड्याच्या सुमारास आईसोबत थोडे दिवस, रोज थोडाच वेळ गहू खाऊ दिला, तर सुमारे तीन वर्षांनी गहू पुन्हा दिसल्यावर ते सहज खातं. ज्यांना लहानपणी आईसोबत गहू दिसला नाही ती बिचकतात. पहिली गुरू आई. पण चरायला कळपासोबत जायला लागलं की गुरू बदलतो, मग बरोबरीची.

युटामध्येच गाईंवर झालेलं काम जास्त बोचणारं आहे. तिथल्या कुरणांत लार्कस्पर नावाची विषारी वनस्पती उगवते, जनावरं ती खाऊन मरतात. मायकल राल्फ्स आणि इतरांनी उपाय शोधला: गाईला ती वनस्पती खाऊ द्यायची आणि लगेच लिथियम क्लोराइड देऊन मळमळ आणायची. गाय धडा शिकते, पुन्हा तोंड लावत नाही. छान. शिकलेल्या गाई वेगळ्या चरल्या तर हे टाळणं टिकतं. पण 1990 च्या आसपास त्यांनी दाखवलं की याच गाई न शिकलेल्या, वनस्पती बिनधास्त खाणाऱ्या गाईंबरोबर सोडल्या की बघता बघता तोंड लावतात. आधी एक घास चाखून बघतात, काही होत नाही, मग पुन्हा. स्वतःच्या पोटात कळ येऊन घेतलेला धडा सोबतीने पुसला गेला. गॅलेफ यांनाही उंदरांत हेच दिसलं होतं.

रमजानमध्ये दरवर्षी आपल्यासमोर काय घडतं? तीस वर्षं तंबाखू खाणारा माणूस पहाटेपासून मगरीबपर्यंत तोंडात काही घालत नाही. जे 'सुटतच नाही' असं तो म्हणतो ते तेरा-चौदा तास सुटलेलं असतं, तेही महिनाभर, रोज. इतकी ताकद त्याच्यात आहे हे त्यालाही कळतं. मग इफ्तार, नमाज, आणि नमाजनंतर तेच चार जण, तीच टपरी. मी कुणाला नाकं मुरडत नाही. सोडणाऱ्याला आपण 'मन घट्ट कर' म्हणतो. त्यापेक्षा त्या अर्ध्या तासात तो कुठे उभा राहणार हे ठरवायला मदत केली तर जास्त उपयोग होईल. तरावीहनंतर चहाची बैठक दुसरीकडे, जिथे पुडी निघत नाही. खर्च एका किटलीचा.

माकडांबद्दल थोडक्यात. दक्षिण आफ्रिकेत एरिका व्हॅन द वाल यांनी वर्व्हेट माकडांच्या टोळ्यांना दोन रंगांचा मका दिला, गुलाबी आणि निळा. कुठे गुलाबी कडू केला, कुठे निळा. काही महिन्यांनी दोन्ही रंग गोड. नवीन जन्मलेली पिल्लं आईचाच रंग खायला लागली. यात नवल नाही. नवल पुढे आहे. तरुण नर आपली टोळी सोडून दुसऱ्या टोळीत जातात. गुलाबी खाणाऱ्या टोळीतून निळ्या टोळीत गेलेले नर, इतके दिवसांची सवय सोडून, निळा खायला लागले. एक अपवाद होता. तो नर नव्या टोळीत जाऊन थेट वरच्या क्रमांकाचा झाला होता. दादा झालेल्याला कुणाकडे बघायची गरज नव्हती. 2013 साली हे प्रसिद्ध झालं.

विरारला दरवर्षी किती कुटुंबं नव्याने राहायला येतात ते तुम्ही बघताच. भाडं परवडत नाही म्हणून जोगेश्वरीहून, कुर्ल्याहून, गोवंडीहून, आणि थेट गावाहून. सातवी-आठवीत शाळा बदललेल्या मुलाकडे मी तेव्हापासून वेगळ्या नजरेने बघतो. नव्या वर्गात त्याला पहिल्या आठवड्यात जो हात पुढे करतो, त्या हातात काय आहे यावर बरंच काही ठरतं. आपल्या बाजूने तोवर कुणी हातच पुढे केलेला नसतो.

आणि घरातली बाजूही सोडू नका. आपल्याकडे कित्येक घरांत नानी-दादी मशेरी लावतात. सकाळी तवा तापतो, तंबाखू भाजली जाते, तो वास मुलाच्या लहानपणाचाच वास असतो. फिलाडेल्फियात ज्युली मेनेला यांनी 2001 मध्ये दाखवलं की गरोदरपणात किंवा अंगावर पाजताना आई गाजराचा रस पीत असेल, तर बाळाला पुढे गाजराची चव ओळखीची वाटते, ते तोंड कमी वाकडं करतं. गाजराचं हे चांगलं. मशेरीचं काय होत असेल याचा विचार मी करत बसतो. माझ्या नानीला हे सांगायची माझी हिंमत नव्हती, तेही कबूल.

आकडे अगदी मोजके देतो. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले 26.6 टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते, आणि त्यातला फार मोठा भाग बिनधुराच्या तंबाखूचा, म्हणजे चघळायची, लावायची. 2019 च्या शाळकरी मुलांच्या पाहणीत देशभरातल्या 13 ते 15 वयाच्या 8.5 टक्के मुलांनी सध्या तंबाखू घेत असल्याचं सांगितलं. वर्गात साठ मुलं धरली तर पाच. पण माझी झोप उडवणारा आकडा दुसरा आहे. बिनधुराची तंबाखू कधी ना कधी घेतलेल्या मुलांपैकी 52 टक्क्यांनी ती दहाव्या वाढदिवसाच्या आत घेतली होती. आपण कार्यक्रम घेतो नववी-दहावीसाठी. म्हणजे परीक्षा होऊन गेल्यावर पोर्शन शिकवायला जातो.

कायदे आहेत. महाराष्ट्राने 2012 मध्ये गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आणली. 2003 च्या केंद्रीय कायद्याने शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला आणि अठरा वर्षांखालच्या कुणालाही विकायला मनाई आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्यात तर मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. आणि शंभर यार्ड म्हणजे किती ते चालून बघा, साधारण दीडशे पावलं. आपल्या शाळांच्या गेटपासून दीडशे पावलं मोजायचं काम कुणीही करू शकतं, त्याला संघटना लागत नाही. तक्रार लेखी द्या, पोच घ्या. फक्त टपरीवाला हाच खलनायक असं समजून भांडायला जाऊ नका, त्याच्या जागी चिवडा आणि चिक्कीने गल्ला भरणार असेल तर तो पुडी ठेवणार नाही, हे मी दोघांशी बोलून सांगतोय.

आता उरलेला भाग, जो मला खरा वाटतो. सोबतीने वाईट पसरतं, तर चांगलंही त्याच वाटेने जात असणार. लिअॅन बर्च नावाच्या अमेरिकन संशोधिकेने 1980 साली बालवाडीतल्या मुलांवर साधा प्रयोग केला. ज्या मुलाला एक भाजी आवडते आणि दुसरी आवडत नाही, त्याला जेवणाच्या वेळी दुसरीच भाजी आवडणाऱ्या तीन-चार मुलांच्या टेबलावर बसवलं. कुणी काही बोलायचं नाही, आग्रह नाही. चार दिवसांत मूल नावडती भाजी निवडायला लागलं, आणि काही आठवड्यांनी पाहिलं तरी आवड टिकून होती. आईच्या 'एक घास, माझ्या राजा'ने जे वर्षभरात झालं नसतं.

तंबाखूच्या बाबतीतही हे करून बघितलंय, आणि आपल्याच देशात. दिल्ली आणि चेन्नईतल्या 32 शाळांत 'मैत्री' नावाचा दोन वर्षांचा प्रकल्प झाला. सहावी आणि आठवीची मुलं, आणि वर्गातले उपक्रम चालवायला त्यांच्यातलीच मुलं. 2009 मध्ये निकाल छापून आले. ज्या शाळांत हा प्रकल्प नव्हता तिथे दोन वर्षांत तंबाखूचा वापर 68 टक्क्यांनी वाढला. जिथे होता तिथे 17 टक्क्यांनी घटला.

ब्रिटनमध्ये, इंग्लंडचा पश्चिम भाग आणि वेल्समधल्या 59 शाळांत, 12-13 वर्षांच्या मुलांवर असाच एक मोठा प्रयोग झाला, 2008 साली तो प्रसिद्ध झाला. त्यातली एक गोष्ट मला चोरून आणावीशी वाटते. प्रत्येक मुलाला चिठ्ठी दिली: वर्गात तू कुणाला मानतोस? चांगला पुढारी कोण? कुणासारखं व्हावंसं वाटतं? सगळ्यात जास्त नावं आली त्या मुलांना दोन दिवस शिकवलं आणि वर्गात परत सोडलं. त्यांनी भाषण द्यायचं नव्हतं. मधल्या सुट्टीत, बसमध्ये, सहज बोलताना विषय काढायचा, एवढंच. धूम्रपान कमी झालं. यादी शिक्षकांची नव्हती, मुलांची होती. शिक्षकांच्या यादीत पहिल्या बाकावरची, पूर्ण गृहपाठ करणारी मुलं आली असती. मुलांच्या यादीत कोण येतं हे आपल्याला माहीत आहे. तो दादा माकड. आणि खरं सांगायचं तर यादीत पुडी खाणाराही येऊ शकतो. त्याला वगळायचं की घ्यायचं, यावर आपल्या गटात मागच्या आठवड्यात चांगलाच वाद झाला. माझं मत, घ्यायचं. काही पालकांचं मत, अजिबात नाही. तो वाद मिटलेला नाही, आज तुमच्यासमोर ठेवतोय.

आमचा बेत असा आहे. तीन शाळांच्या मुख्याध्यापकांशी बोलणं झालंय, दोघांनी होकार दिलाय. नववी-दहावी नाही, पाचवी आणि सहावी. मराठी आणि उर्दू, दोन्ही माध्यमांत चिठ्ठ्या छापायच्या. मुली आणि मुलांच्या चिठ्ठ्या वेगळ्या मोजायच्या, कारण मुली कुणाला मानतात हे मुलांना माहीत नसतं. मशेरीचा प्रश्न त्यांच्यापाशी जास्त आहे. चिठ्ठ्या वाटायला, मोजायला, आणि दोन शनिवार त्या मुलांसोबत बसायला दहा-बारा जण हवे आहेत. पंचविशीच्या आतले असतील तर बरं. माझ्यासारखे टक्कल पडत चाललेले नकोत, आम्ही झेरॉक्स काढू.

प्रश्न घेऊ या. आधी मागच्या रांगेतून. तुमच्या वर्गात अशी चिठ्ठी फिरवली तर पहिलं नाव कुणाचं येईल?